क्लच, फट आणि संबंधाचा प्रश्न

मोटारीच्या एसीच्या कॉम्प्रेसरवरचा क्लच उतरवून पुन्हा बसवणे हे गॅरेजातले तास-दोन तासांचे काम. हाताखालून जाणाऱ्या वस्तू मोजक्याच: पुढची प्लेट, पुली, कॉइल, एक नट, दोन सर्क्लिप आणि कागदासारखे पातळ काही शिम. पण भारतीय दर्शनांनी शतकानुशतके ज्यावर वाद घातला असा एक प्रश्न या कामात जितका उघडा पडतो, तितका तो दर्शनांच्या लाडक्या उदाहरणांत, म्हणजे रथात, मडक्यात किंवा वस्त्रात पडत नाही. दोन वस्तूंमधला संबंध ही स्वतः एक वस्तू आहे, की पाहणाऱ्याने दिलेले ते नुसते नाव आहे, असा तो प्रश्न आहे.

आधी यंत्र. इंजिन सुरू असले की पट्टा फिरतो आणि त्याच्याबरोबर कॉम्प्रेसरच्या तोंडावरची पुलीही फिरते, मग एसी चालू असो वा बंद. ही पुली बेअरिंगवर बसते. कॉम्प्रेसरच्या शाफ्टला ती कुठेही जखडलेली नसते. शाफ्टला जखडलेली असते ती तिच्या पुढची प्लेट, आणि दोघींमध्ये अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास फट असते. पुलीच्या मागे, कॉम्प्रेसरच्या अंगावर, तांब्याच्या तारेची कॉइल घट्ट बसवलेली असते. ती फिरत नाही. एसीचे बटण दाबले की तिला १२ व्होल्टचा प्रवाह मिळतो, तिचे लोहचुंबक होते, प्लेट पुलीकडे ओढली जाते, फट मिटते आणि शाफ्ट फिरू लागतो. प्रवाह तुटला की प्लेटच्या स्प्रिंग-पट्ट्या तिला मागे खेचतात. गाडीत बसलेल्याच्या कानावर यातले फार तर बॉनेटखालचे ‘टक्’ येते.

बिरवाडी हे महाडच्या औद्योगिक वसाहतीला लागून असलेले गाव. समुद्र फार दूर नाही, पण त्याचा वारा मधल्या डोंगरांत अडतो, आणि एप्रिल-मेच्या दुपारी काचा बंद केलेली गाडी एसीवाचून चालवणे कठीण होते. शिवाय बहुतेक दिशांना निघाले की घाट लागतो: भोरकडे वरंध, महाबळेश्वरकडे पोलादपूरहून आंबेनळी, खेडकडे कशेडी. चढावर इंजिनाचा जोर कमी पडू नये म्हणून चालक एसी बंद करतात आणि माथ्यावर पुन्हा लावतात, म्हणजे क्लचला सारखे जोडावे आणि सोडावे लागते. पावसाळ्यात ओल आणि गंज असतोच. २०२१ च्या जुलैत सावित्रीच्या महापुराने महाड शहर बुडवले. तशा पुराचा गाळ पुलीच्या बेअरिंगमध्ये शिरला की वंगण धुऊन जाते आणि पुली आधी कुरकुरते, मग घरघरते. ‘कूलिंग येत नाही’ अशी तक्रार आली की पहिला संशय गॅसवर जातो. गॅस भरलेला निघाला आणि तरी क्लच ओढत नसेल, तर मग हे काम काढावे लागते.

उतरवण्याचा क्रम ठरलेला आहे. बॅटरीची ऋण तार काढायची, पट्टा सैल करून उतरवायचा. गॅस सोडावा लागत नाही, कारण क्लच गॅसच्या बंदिस्त वाटेच्या बाहेर आहे. आत-बाहेरची सीमा शाफ्टवरचे सील सांभाळते. जागा अपुरी पडली तर नळ्या न सोडता कॉम्प्रेसर बोल्टांवरून काढून बाजूला झुकवतात. मग प्लेट फिरू नये म्हणून हत्याराने धरून मधला नट काढायचा आणि पुलर लावून प्लेट ओढायची. प्लेटखालचे शिम मोजून बाजूला ठेवायचे. सर्क्लिप प्लायरने पहिली सर्क्लिप काढली की पुली सुटते, दुसरी काढली की कॉइल. स्क्रूड्रायव्हरने उचकटून काढलेली सर्क्लिप वाकते आणि पुढे तिचा भरवसा राहत नाही, म्हणून जाणता कारागीर इथे घाई करत नाही.

नट निघाल्यावर काय घडले, याचे उत्तर न्याय-वैशेषिक दर्शनांकडे तयार आहे. त्यांच्या मते अवयव आणि अवयवी या दोन भिन्न वस्तू आहेत. सूत म्हणजे वस्त्र नव्हे. सुतांच्या परस्परसंयोगातून वस्त्र नावाचे नवे द्रव्य उपजते आणि ते त्या सुतांत राहते. त्या संयोगाला ते असमवायी कारण म्हणतात. सूत शाबूत असले तरी हा संयोग नाहीसा झाला की वस्त्र नष्ट होते. हा हिशेब धरला तर बिरवाडीच्या गॅरेजात गोणपाटावर मांडलेले हे तुकडे पाहून ‘हा क्लच’ म्हणणे चूक आहे. कुठलाही तुकडा तुटलेला नाही, वजन तेवढेच आहे, पण क्लच नष्ट झालेला आहे.

याच शाखेचे आणखी एक मत सहसा पोथीपांडित्य म्हणून बाजूला टाकले जाते, आणि ते या यंत्रावर मात्र चपखल बसते. वैशेषिक २४ गुण मानतात. त्यांत संयोग जसा एक गुण आहे तसा विभाग हाही वेगळा गुण आहे. संयोग संपणे म्हणजेच विभाग, असे ते म्हणत नाहीत. विभाग आधी उपजतो आणि तो संयोगाचा नाश करतो, असा त्यांचा क्रम आहे. इतके बारीक काय म्हणून कातायचे, संयोगाचा नाश म्हटले की भागले, हा आक्षेप सहज सुचणारा आहे. पण क्लचमध्ये सोडण्यासाठी वेगळी रचनाच करावी लागलेली आहे. प्रवाह बंद झाल्याने ओढ थांबते. प्लेट मागे येते ती स्प्रिंग-पट्ट्यांमुळे. पट्ट्या थकल्या तर प्रवाह तोडूनही प्लेट पुलीला घासत राहते, तापते, निळी पडते. जोडणारे बळ काढून घेणे ही एक गोष्ट आणि वेगळे करणे ही दुसरी, हा भेद इथे शब्दांत नसून लोखंडात आहे.

संयोगाचे प्रकारही वैशेषिकांनी सांगितले आहेत. दोहोंपैकी एकच वस्तू हलल्याने होणारा, दोन्ही हलल्याने होणारा, आणि तिसरा संयोगातून उपजणारा संयोग: हात झाडाला लागला की शरीरही झाडाशी जोडले जाते. प्लेट पुलीला चिकटते तेव्हा यातले पहिला आणि तिसरा हे दोन्ही प्रकार दिसतात. पुली जागच्या जागी फिरते, पुढे सरकत नाही. सरकते ती प्लेटच. आणि पुलीला कधीही न शिवलेला शाफ्ट प्लेटच्या द्वारे पुलीशी जोडला जाऊन फिरू लागतो.

आता गोणपाटावरच्या तुकड्यांकडे बौद्धांच्या नजरेने पाहिले तर चित्र उलटे दिसते. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन मिलिंद राजाला विचारतो की तू रथातून आलास, तर रथ दाखव. चाक म्हणजे रथ का? आस? जू? लगाम? सगळे मिळून? की या सगळ्यांहून वेगळे काही? प्रत्येकाला राजाचे उत्तर ‘नाही’ असे येते, आणि ‘रथ’ हे अवयवांच्या आधाराने चालणारे एक व्यवहारातले नाव ठरते. नागसेनाला खरे तर स्वतःबद्दल बोलायचे आहे: ‘नागसेन’ नावामागेही कुणी वेगळा पुरुष नाही. पुढे बौद्ध आचार्य चंद्रकीर्तीने हा तपास वाढवून रथ म्हणजे अवयवांची रचना किंवा आकार असेल, ही वाटही बंद केली.

हा वाद महाडच्या मातीला परका नाही. मुंबई-गोवा महामार्गालगत गांधारपाल्याच्या डोंगरात बौद्ध लेणी आहेत. तिथे राहिलेल्या भिक्षूंना अनात्म्याचा विचार रोजच्या पाठातला असणार. आणि अलीकडच्या काळात याच गावात प्रश्नाला धार आली. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी पिण्याचा अस्पृश्य मानलेल्यांचा हक्क बजावणारे आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाडला मनुस्मृतीचे दहन घडवून आणणारे बाबासाहेब आंबेडकर पुढे बौद्ध धम्माकडे वळले. तेव्हाच्या औरंगाबादला त्यांनी काढलेल्या महाविद्यालयाला मिलिंदाचे नाव आहे आणि त्या परिसराचे नाव नागसेनवन. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात त्यांनी आत्मा नाकारला आणि मागल्या जन्मीचे कर्म या जन्मीचे स्थान ठरवते ही समजूतही नाकारली. अवयवांपलीकडे काहीतरी टिकते की नाही, या कोरड्या वाटणाऱ्या प्रश्नावर तळ्यावर कुणी पाणी प्यावे हे अवलंबून होते. जन्माचा उच्च-नीचपणा वाहून आणणारा कुणी मानला नाही, तर तो उच्च-नीचपणा टेकायला आधार उरत नाही.

तरीही गॅरेजपुरते पाहिले तर नागसेनाच्या तपासात एक उणीव जाणवते. तो राजाला रथाचे भाग विचारतो, रथ चालतो कसा हे विचारत नाही. नैयायिकांनी बोट ठेवले ते बरोबर याच ठिकाणी. न्यायसूत्रांत अवयवी खरा आहे याचे एक प्रमाण दिले आहे: एक भाग धरला की सगळी वस्तू धरली जाते, एक भाग ओढला की सगळी ओढली जाते. ढिगाचे असे होत नाही. गंमत अशी की भाष्यकार वात्स्यायनाला हे प्रमाण पुरेसे वाटत नाही. धरणे-ओढणे हे भागांच्या एकमेकांना चिकटून राहण्याने होते, त्यावरून अवयवी सिद्ध होत नाही, असे तो आपल्याच पक्षाला बजावतो. क्लच त्याच्या बाजूने साक्ष देतो: जोडलेल्या अवस्थेत पुली ओढली की शाफ्ट ओढला जातो, सुटलेल्या अवस्थेत जात नाही, आणि क्लच मात्र दोन्ही अवस्थांत एकच असतो.

या दोन टोकांच्या मध्ये मराठीत एक उत्तर शके १२१२ मध्येच, म्हणजे १२९० साली, दिले गेले आहे, पण त्याकडे या वादातले उत्तर म्हणून फारसे पाहिले जात नाही. ज्ञानेश्वरीच्या १३ व्या अध्यायात क्षेत्राचे, म्हणजे देहादी प्रपंचाचे वर्णन करताना ज्ञानदेव ‘संघात’ हा शब्द फोडून सांगतात, आणि तिथे रथाच्या अंगांच्या मेळाव्याला रथ म्हणतात हेच नागसेनी उदाहरण येते. मात्र ते तिथे थांबत नाहीत. चतुरंग दळाची सेना येते, अक्षरांचे वाक्य येते, आणि तेल, वात व अग्नी एका ठिकाणी येऊन होणारा दिवा येतो. ही उदाहरणे एका जातीची नाहीत. सेनेतले शंभर लोक गेले तरी सेना राहते. वाक्यातली अक्षरे तीच ठेवून क्रम बदलला तर वाक्य मोडते. दिव्यात तर तिन्ही पदार्थ शेजारी ठेवून भागत नाही. अग्नी वातीला लागावा लागतो आणि लागलेला राहावा लागतो. पहिल्याला संख्या पुरते, दुसऱ्याला क्रम लागतो, तिसऱ्याला चालू असलेली क्रिया. क्लच दुसऱ्या आणि तिसऱ्या जातीचा आहे. मेळावा ‘खरा’ की ‘नावापुरता’ असे एकदाच सगळ्यांसाठी ठरवण्यापेक्षा तो कोणत्या जातीचा आहे हे आधी पाहावे, हे या उदाहरणांतून निघते, आणि ते नागसेन व नैयायिक या दोघांच्याही पुढचे पाऊल आहे.

बसवताना क्रम उलटा होतो. कॉइलच्या पाठीवरची खुंटी कॉम्प्रेसरवरच्या खाचेत बसवायची, म्हणजे कॉइल फिरणार नाही. तार पुलीला घासणार नाही अशी वळवायची. सर्क्लिपची उतरती कड बाहेरच्या बाजूला ठेवायची. पुली बसवताना जोर बेअरिंगच्या आतल्या कड्यावर द्यायचा. बाहेरच्या कड्यावर हातोडा मारला तर बेअरिंग तिथेच खराब होते आणि काम पुन्हा काढावे लागते. मग शिम, प्लेट आणि नट, कंपनीने सांगितलेल्या जोराने आवळलेला.

इथे शंकराचार्यांचा एक जुना आक्षेप आठवतो. न्याय-वैशेषिक म्हणतात की अवयवी अवयवांत ‘समवाय’ नावाच्या संबंधाने राहतो आणि समवाय हा स्वतंत्र पदार्थ आहे. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायावरील भाष्यात शंकराचार्य विचारतात: दोन वस्तूंना जोडायला समवाय लागतो, तर समवायाला त्या वस्तूंशी जोडायला दुसरा समवाय नको का? आणि त्याला तिसरा? हा शेवट नसलेला जिना झाला. क्लचमध्ये हा जिना अक्षरशः दिसतो. प्लेटला शाफ्टवर नट धरतो, नटाला आटे धरतात, आट्यांना त्यांच्यातले घर्षण, आणि घर्षणाला आवळण्याचा जोर. पण तिथे साखळी थांबते. जोराला धरून ठेवणारी आणखी वस्तू नाही, कारण जोर ही वस्तूच नाही. आवळल्याने नट आणि शाफ्ट यांना आलेली ती ताणलेली अवस्था आहे. संबंधाला वस्तू मानले की शंकराचार्यांचा आक्षेप लागू होतो. संबंधाला संबंधितांची अवस्था मानले तर तो टळतो, आणि कारागिराच्या हाताला हे दुसरे उत्तरच ओळखीचे आहे: नट ‘लागला’ आहे की नाही हे तो पान्यावर येणाऱ्या ताणावरून जाणतो.

उरली फट, आणि सगळ्या कामाचे मर्म तिच्यात आहे. फिलर गेजची पाती प्लेट आणि पुली यांच्यात घालून ती तीन ठिकाणी मोजतात. बऱ्याच गाड्यांत ०.३ ते ०.६ मिलिमीटर असावी लागते. कमी भरली तर शिम वाढवायचे, जास्त भरली तर काढायचे. कमी फटीने प्लेट घासते. जास्त फटीचा दोष मात्र लपून बसतो. कॉइलचा रोध थंड असताना साधारण ३ ते ४ ओहम असतो. तांबे तापले की रोध वाढतो, प्रवाह घटतो, ओढ कमी होते. शिवाय ढोबळ हिशेबाने फट दुप्पट झाली की चुंबकाची ओढ चौथाईवर येते. त्यामुळे गाडी सकाळी बिरवाडीतून निघताना एसी उत्तम चालतो आणि दुपारी घाट चढताना मध्येच सोडून देतो. गॅरेजात गाडी आणेपर्यंत ती थंड होते आणि दोष सापडत नाही. अनेकदा एक पातळ शिम काढला की काम होते. नवी कॉइल विकत घेण्याआधी फट मोजावी, हे एवढ्यासाठी.

वैशेषिकांनी पुढे ‘अभाव’ हा सातवा पदार्थ मानला, म्हणजे नसणेही असण्याइतकेच जगाच्या हिशेबात धरले. त्यावर थट्टा पुष्कळ झाली. ०.४ मिलिमीटरचे मोजलेले, शिमांनी राखलेले रिकामेपण पाहिल्यावर ती थट्टा जरा पातळ होते. सुटे भाग विकणाऱ्या दुकानात ही फट मिळत नाही, तरी तिच्यावाचून क्लच क्लच होत नाही.

चुंबकाचे उदाहरण दर्शनांत स्वतंत्रपणे येते, आणि ते नेमके याच फटीबद्दल आहे. सांख्यांचा पुरुष, म्हणजे चेतन तत्त्व, काही करत नाही. प्रकृती सगळे करते, पण पुरुषाच्या नुसत्या सान्निध्याने, जसे अयस्कांत मण्याजवळ लोखंड हलते. यावर शंकराचार्यांचे उत्तर असे की पुरुषाचे सान्निध्य नित्य असेल तर प्रवृत्तीही नित्य व्हावी, सृष्टी कधी थांबूच नये. चुंबकाचे तसे नाही: त्याचे जवळ येणे कधी असते, कधी नसते, आणि त्याला पुसणे-घासणेही लागते. हा शेवटचा तपशील ज्याने कुणी प्रत्यक्ष चुंबक हाताळला असेल त्याच्याकडूनच आला असावा असे वाटते. क्लचची अडचण हीच होती. नित्य चुंबक बसवला असता तर प्लेट कायम चिकटून राहिली असती. कॉइल जागची हलत नाही, सान्निध्य नित्यच आहे. अनित्य आहे तो प्रवाह. आणि पुसणेही आहेच: प्लेट व पुलीची तोंडे कोरडी, स्वच्छ लागतात, तेलाचा बोटभर डागही घसरणीला पुरतो. पण सांख्यांना याने दिलासा मिळत नाही. प्रवाह आपोआप चालू-बंद होत नाही. बटण दाबणारा हात किंवा थंडावा मोजणारा सेन्सर मध्ये आणावाच लागतो, म्हणजे ‘नुसते सान्निध्य’ पुरले नाही.

काम झाले की एसी अनेकदा चालू-बंद करून दोन्ही तोंडे एकमेकांवर बसू देतात. मग हा क्लच तोच का? नैयायिक म्हणतील की जुना नष्ट झाला, नवा उपजला. ‘तोच’ वाटतो तो सारखेपणामुळे. सुताचा एक धागा काढला तरी ते जुने वस्त्र गेले आणि खंडपट उरला असे मानण्याइतके ते काटेकोर आहेत. बौद्धांना इतकेही लागत नाही; क्षणोक्षणी बदलणाऱ्या प्रवाहात ‘तोच’ हे व्यवहारापुरते आहे, नवी कॉइल घातली तरी आणि न घातली तरी. गाडीमालकाला यातले कुठलेही उत्तर चालते. देहाबाबत मात्र एक फरक राहतो जो कुठल्याच पक्षाला यंत्राच्या आधारे ओलांडता येत नाही. क्लचचे सगळे भाग जागच्या जागी, योग्य फटीने बसवले की तो चालतोच. देहाचे सगळे अवयव जागच्या जागी असतानाही तो थांबतो आणि पुन्हा चालत नाही. आत्मा न मानणाऱ्या चार्वाकाला यातून दिव्याचे तेलच संपले असे म्हणता येते, आत्मवाद्याला दिवा लावणारा निघून गेला असे म्हणता येते, आणि क्लच दोघांपैकी कुणाच्याही बाजूने साक्ष देऊ शकत नाही.

आता पुष्कळ गाड्यांत हा क्लच उरलेला नाही. त्यांच्यातल्या बदलत्या क्षमतेच्या कॉम्प्रेसरमध्ये पुली आणि शाफ्ट कायम जोडलेले असतात. थंडावा नको असेल तेव्हा एक झडप आतल्या तिरक्या तबकडीचा कल जवळजवळ शून्यावर आणते, शाफ्ट फिरत राहतो आणि काम होत नाही. संयोग नित्य, प्रवृत्ती कमी-जास्त: सांख्यांना हवी होती तशी ही रचना, फक्त तिथेही झडपेला हुकूम देणारा कुणी लागतोच. विजेच्या गाड्यांत कॉम्प्रेसरला स्वतःची मोटार असते, पट्टाच नसतो. क्लच नसलेल्या पुलीत विभागाची एकच सोय ठेवलेली असते: कॉम्प्रेसर आतून जाम झाला तर पट्टा तुटू नये म्हणून हबमधला ठरावीक कमजोर भाग मोडतो आणि पुली सुटी फिरू लागते. तो मोडला की शिम घालून किंवा फट मोजून दुरुस्त होत नाही. भाग नवाच घालावा लागतो, आणि त्याआधी कॉम्प्रेसर जाम का झाला ते शोधावे लागते.